होबर्ट स्लोनने दिलेली ओळ

शनिवार, ८ ऑक्टोबर १९८८. दुपारचे चार वाजले होते. होबर्ट स्लोन गाता गाता थांबला आणि त्याने उजवा हात वर केला. समोरच्या टेबलावर रेकॉर्डिंग मशीनची चाकं फिरत राहिली. त्यांच्यावर आता फक्त त्याच्या छातीची घरघर उतरत होती.

शिकागोहून आलेल्या डॅनियल क्रेनने कानांवरचे हेडफोन काढले, मशीन बंद केलं आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, "काही घाई नाही, मिस्टर स्लोन. आपण पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

होबर्ट काहीतरी पुटपुटला. मला एक अक्षर कळलं नाही. मी शेजारी बसलेल्या भाऊजींकडे पाहिलं.

"तो म्हनते," भाऊजी हळूच म्हणाले, "घाई तुले नसन बाप्पा, मले हाये."

भाऊजी म्हणजे डॉ. प्रल्हाद काळमेघ, माझ्या इंदुताईचे यजमान. कारंज्याजवळच्या खेड्यातला माणूस नागपूरला डॉक्टर झाला आणि केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, डोंगरांच्या बेचक्यातल्या या कोळशाच्या गावात येऊन स्थिरावला. शहरातले डॉक्टर तिथे टिकत नसत. भाऊजी पंधरा वर्षं टिकले होते. मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि साठवलेली सगळी रजा एकदम काढून बहिणीकडे आलो होतो.

रोज टेलिप्रिंटरवरची इंग्रजी बातमी मराठीत आणणारा मी, पण त्या गावातलं इंग्रजी माझ्या कानात शिरत नसे. भाऊजींनी त्याचं कारण पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "यायचं इंग्रजी म्हनजे आपली वऱ्हाडी. अर्धा शब्द खायचा अन् उरलेला नाकातून काढायचा." म्हणून होबर्ट बोलला की भाऊजी ते वऱ्हाडीत सांगत. आज इतक्या वर्षांनी होबर्टचा आवाज आठवला की मला तो वऱ्हाडीतच ऐकू येतो. इथेही तसाच लिहितो.

होबर्ट तीस वर्षं खाणीत उतरला होता. तिथली धूळ त्याच्या फुप्फुसांत जाऊन बसली होती आणि दर महिन्याला तो भाऊजींच्या दवाखान्यात तपासणीला येई. छाती तपासताना पेशंटला काहीतरी बोलायला लावतात, म्हणजे आवाज आतून कसा येतो ते स्टेथोस्कोपमधून कळतं. तिकडे 'नव्व्याण्णव' म्हणायला सांगतात. होबर्ट दोन-तीन वर्षं मुकाट नव्व्याण्णव म्हणत राहिला. मग एकदा वैतागला.

"नव्यान्नव म्हनून म्हनून कटाळलो, डॉक्टर. गानं म्हनू काय?"

"म्हन," भाऊजी म्हणाले.

आणि ते गाणं भाऊजींनी पहिल्यांदा ऐकलं ते होबर्टच्या पाठीतून. ही गोष्ट ते कोणालाही सांगत. "मी तपासनं इसरलो. आत सारा कोळसा, अन् त्याच्यातून हे येऊन राह्यलं! बाहेरून नर्स दार वाजवून राह्यली, अन् मी आपला त्याच्या पाठीले चिकटून उभा."

गाणं होबर्टच्या आईने रचलं होतं. होबर्ट अगदी लहान असताना खाणीत पाणी शिरलं आणि त्याचा बाप आतच राहिला. तो सापडला नाही. त्याचा जेवणाचा डबा तेवढा तरंगत वर आला, झाकण घट्ट, आतलं जेवण जसंच्या तसं. कोणीतरी तो घरी आणून दिला. भाऊजींनी त्या गाण्याचं पहिलं कडवं मला असं सांगितलं होतं:

पानी आलं, दिवा इझला,
डोंगर बसला दार लावून,
तुहा डबा घरी आला भरेल,
तू कोनच्या घरी बसला जेवून?

अशी नऊ कडवी. तिसरी ओळ प्रत्येक कडव्यात तीच, 'भरेल' म्हणजे भरलेला.

भाऊजींनी एक टेपरेकॉर्डर विकत घेतला, तपासणीच्या खोलीतच गाणं टेप केलं आणि त्याच्या प्रती काढून रेडिओ केंद्रांना, विद्यापीठांना, रेकॉर्ड कंपन्यांना पाठवत सुटले. तीन वर्षं कोणी दखल घेतली नाही. आता या संगीताला 'अमेरिकाना' म्हणतात, 'रूट्स' म्हणतात, त्याचे पुरस्कार असतात. तेव्हा त्या डोंगरात त्याला काही नाव नव्हतं आणि डोंगराबाहेर कोणाला त्याची गरज नव्हती. शेवटी क्रेनचं पत्र आलं. त्याची कंपनी म्हणजे तो, एक भागीदार आणि एक जुनी व्हॅन. कोणाला माहीत नसलेले गायक शोधत तो देशभर हिंडे. लुइझियानात अंडी विकणारी एक अकॉर्डियनवाली आणि टेक्ससमधला एक शाळेचा शिपाई त्याने असेच शोधून काढले होते, आणि त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या.

"टेपवरचं गाणं अव्वल आहे," त्याने लिहिलं होतं, "पण दुसऱ्या कडव्यात टेलिफोन वाजतो आणि पाचव्यात कोणीतरी दार ठोकतं. मी स्वतः येतो."

तो आला तेव्हा गाणं टेप होऊन तीन वर्षं उलटली होती.

शुक्रवारी संध्याकाळी इंदुताईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. क्रेन, होबर्ट आणि होबर्टची मुलगी ओपल, जी तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. ताईने वांग्याची भाजी आणि मक्याच्या भाकरी केल्या होत्या. होबर्टने भाकरीचा तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला.

"आमीबी मक्याचीच करतो," तो म्हणाला. "पन आमच्यावाली दातानं तुटते."

"त्याले सांगा," ताई भाऊजींना म्हणाली, "गप्पा मारत बसलं की भाकर वाट पाहत नाही. गरम होती तवा कुठी होता तो?"

भाऊजींनी सांगितलं. होबर्ट हसायला लागला, हसता हसता खोकला आला आणि खोकला थांबेपर्यंत कोणी घास घेतला नाही. ओपलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा सरळ बसला तेव्हा त्याच्या ओठांना निळसर झाक होती.

"एक गोठ पह्यलेच सांगतो," तो क्रेनला म्हणाला. "तबकडीवर नाव कोनाचं येईन?"

"तुमचं," क्रेन म्हणाला. "होबर्ट स्लोन. मोठ्या अक्षरात."

"नाई. लुएला स्लोन. गानं माह्या मायचं हाये. मी निस्ता तोंड हाये."

"गायक म्हणून तुमचं नाव द्यावंच लागेल."

"खाली टाक, बारीक. वर तिचं टाक. माह्या बापाच्या नावाचा दगड नाई कुठी, कारन तो सापडलाच नाई. तिच्या दगडावर निस्तं 'माय' लिहेल हाये, तवा तेवढेच पैसे होते. तिचं नाव कुठीतरी पुरं लिहेल पाह्यजे मले."

क्रेनने खिशातून पेन काढून तळहातावर नाव लिहिलं आणि स्पेलिंग विचारून घेतलं. होबर्टने ते वाचून पाहिलं आणि मान हलवली.

मग रविवारचा विषय निघाला. डोंगरावरच्या दफनभूमीत वर्षातून एकदा सगळ्या घरांनी जमायचं, आपल्या माणसांच्या कबरींपाशी भजनं म्हणायची आणि तिथेच पंगत मांडून जेवायचं, असा त्यांचा रिवाज होता. आम्हा सगळ्यांना बोलावणं होतं.

"पाह्य दिगू," ताई मला म्हणाली, "आपला पितृपंधरवडा चालू हाये, अन् यायचाबी. मी तिकडे भात नेनार हाये."

"तिथे गाणी होतात?" क्रेनने ताबडतोब विचारलं.

"देऊन-घेऊन होतात," होबर्ट म्हणाला. त्यांच्या देवळात पेटी नाही, तंतुवाद्य नाही, पुस्तकं पुरत नाहीत. म्हणून एक जाणता माणूस ओळ झरझर बोलून 'देतो' आणि बाकीचे सगळे ती संथ लांबवत गाऊन 'घेतात'. "अन् देल्लं तसं घ्या लागते. सुधरवाचं नाई. आमच्या इथी एक म्हातारा होता, त्यानं नवी कवळी बसवली. ओळ देता देता कवळी घसरली अन् एक शब्द गिळला त्यानं. साऱ्या देवळानं तो शब्द गिळला. आजबी गिळतात. तो मानूस मेला, कवळी त्याच्यासंग गेली, पन शब्द काही वापस आला नाई."

सगळे हसले. क्रेन सगळ्यांत जास्त हसला. मीही हसलो आणि भाजी वाढून घेतली.

शनिवारची बैठक होबर्टच्याच घरी होती. पुढच्या खोलीच्या खिडक्या लावून क्रेनने वर गोधड्या टांगल्या होत्या. ओपलने फ्रिजचं बटण बंद केलं. ओसरीवर शेजारपाजारची दहा-बारा माणसं येऊन बसली होती. क्रेनने त्यांना जाऊन विनंती केली की कोणी बोलू नका, खुर्ची हलवू नका. ती माणसं अशी बसली की मध्येच मला वाटलं, उठून गेली.

चार वाजेपर्यंत गाणं किती वेळा सुरू झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी कुठे ना कुठे तेच होई. तो आवाज पातळ होता, पत्र्यावर नख ओढल्यासारखा, आणि तरीही अंगावर काटा येई. पहिली ओळ सरळ जाई, दुसरी जाई, तिसरीत 'घरी आला'पर्यंत तो पोचे आणि शेवटच्या शब्दाला त्याच्याजवळ हवा उरत नसे. 'भरेल' हा शब्द राहून जाई. एकदा त्याने तो खाली मान घालून कसाबसा ढकलला. क्रेनने हेडफोनमध्ये ऐकलं आणि काही न बोलता टेप मागे फिरवली.

ऑक्सिजनची नळी लावून पाहिली. नळीचा फुसफुसाट टेपवर येत होता. उभं राहून पाहिलं. दोन-दोन ओळी घेऊन नंतर जोडता येतील, असं क्रेनने सुचवलं.

"गोधडी हाये काय ते? तुकडे जोडाले?" होबर्ट म्हणाला.

चारनंतर आणखी दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला तो खुर्चीचा हात धरून पुढे वाकला आणि तसाच राहिला. भाऊजी उठले. त्यांनी त्याचा शर्ट मागून वर केला, स्टेथोस्कोप लावला आणि ऐकत राहिले. नव्व्याण्णव म्हणायला सांगितलं नाही.

"बस आता," ते म्हणाले.

"अजून एकडाव."

"नाई."

"डॉक्टर, चिठ्ठ्या कोनं धाडल्या? तीन वर्सं कोन मांगे लागलं होतं?"

"मीच लागलो होतो. अन् मीच म्हनतो, बस. यापुढं गायला तर गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्या लागन."

होबर्टने शर्ट खाली ओढून बटणं लावायला घेतली. ओपलला त्याने हात लावू दिला नाही.

क्रेन बिचारा वायर गुंडाळत होता. न राहवून त्याने विचारलं, "दुसऱ्या कोणाला हे गाणं येतं का? मिस ओपल, तुम्हाला?"

"ते बाबांचं आहे," ओपल म्हणाली. तिचं बोलणं मला कळे, ती शाळेत काम करत असल्यामुळे असेल.

"हो, पण येतं का?"

"बाबांचं आहे ते," ती पुन्हा म्हणाली. दारातून ओसरीवरची माणसं दिसत होती. त्यांतल्या कोणीही आत पाहिलं नाही.

परत येताना गाडीत मी भाऊजींना विचारलं, "म्हणजे काय, बाबांचं आहे?"

"इथी तसं असते. ज्याचं गानं त्याचं. तो जित्ता हाये तवर दुसऱ्यानं चारचौघांत म्हनाचं नाई. एखाद्याच्या वावरात न इचारता नांगर घालावा काय? तसं."

"पण येतं का लोकांना?"

"मले काय मालूम? म्हनताना तर कोनाले आयकलं नाई मी." त्यांनी गाडी वळवली. डोंगराची सगळी झाडं तांबडी-पिवळी झाली होती आणि आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो. "तीन वर्सांपह्यले हा मानूस जिना चढून माह्या खोलीत ये, साळेबुवा. तवा जर कोनं एक कार्ड लिहिलं असतं मले."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ताईने विचारलं, "गानं झालं?" ते म्हणाले, "पाचव्या कडव्यात दार ठोकते ते, ती तूच होती काय त्या दिवशी?" ताई म्हणाली, "मी कायले येऊ दवाखान्यात?" आणि तिथे ते बोलणं संपलं.

रविवारी सकाळी धुकं निवळल्यावर आम्ही डोंगरावर गेलो. दफनभूमी म्हणजे उतारावरचं एक गवताळ मैदान होतं. ओकच्या झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडली होती आणि त्यांवर झाकलेली भांडी. ताईने आपला भात त्यांच्यात नेऊन ठेवला. साठेक माणसं असतील. पायथ्याशी त्यांचे वडीलधारे उपदेशक उभे होते. त्यांनी क्रेनला बाजूला घेऊन सांगितलं की तो आला याचा आनंद आहे, पण मशीन खालीच राहील. माणसं इथे मेलेल्यांसाठी गातात, ऐकणाऱ्यांसाठी नाही. क्रेनने वाद घातला नाही. मशीन व्हॅनमध्ये ठेवून त्याने कुलूप लावलं. माझ्या शबनममध्ये ऑफिसचा छोटा टेपरेकॉर्डर होता. भाऊजींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तो गाडीत ठेवला.

होबर्टला चौघांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून वर आणलं आणि त्याच्या आईच्या कबरीशेजारी खुर्ची टेकवली. हातभर उंचीचा दगड, त्यावर एकच शब्द.

उपदेशकांनी एकेक भजन द्यायला सुरुवात केली. ओळ ते एखादा पत्ता वाचून दाखवावा तशी भराभर बोलत आणि मग ती साठ माणसं ती उचलून घेत. तसं गाणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. कोणी सुरात सूर मिळवायचा प्रयत्न करत नव्हतं, प्रत्येक जण आपल्या वाटेने जात होता आणि तरी सगळे एकाच ठिकाणी पोचत होते. माझे वडील गावाच्या भजनी मंडळात झील धरत. त्यांची आठवण झाली, एवढंच सांगतो.

चौथं की पाचवं भजन संपलं आणि उपदेशक पुढचं द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात होबर्टने हात वर केला. कालच्यासारखाच, उजवा. उपदेशक थांबले.

होबर्ट गायला नाही. तो एका दमात, सपाट आवाजात बोलला,

"पानी आलं, दिवा इझला."

माझ्या शेजारी भाऊजी पुटपुटले, "अबे, हा देऊन राह्यला."

कोणी घेतलं नाही. साठ माणसं उभी होती आणि वाऱ्याने टेबलावरची फडकी हलत होती. एका बाईने हातातलं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. होबर्टने सगळ्यांवरून नजर फिरवली. त्याला राग आला होता.

"देल्लं न मी?" तो म्हणाला.

ओपल बापाकडे बघत होती. तिने मान खाली घातली, डोळे मिटले आणि ती ओळ घेतली. एकटीने. अर्धी होईपर्यंत तिच्यामागे आणखी दोन बायका आल्या, मग काल ओसरीवर बसलेली माणसं आली, मग सगळे. कोणी चाचपडलं नाही. चालीची एकेक मुरड त्यांना ठाऊक होती. इतकी वर्षं हे गाणं त्या सगळ्यांनी तोंड मिटून आपल्याजवळ ठेवलं होतं.

"डोंगर बसला दार लावून," होबर्टने दिलं. त्यांनी घेतलं.

"तुहा डबा घरी आला," होबर्ट म्हणाला आणि त्याचा दम संपला. त्याने तोंड उघडं ठेवलं, हाताने छाती दाबली. भाऊजींचा हात कोटाच्या खिशात गेला. खिशात स्टेथोस्कोप होता. मी एक, दोन, असं काही मोजलं नाही, पण खूप वेळ गेला. मग होबर्ट म्हणाला,

"भरेल."

लोकांनी ओळ उचलली. 'घरी आला'पर्यंत गेले आणि थांबले. साठच्या साठ, एकदम. कोणी श्वास घेतल्याचाही आवाज नाही. जेवढा वेळ तो थांबला होता तेवढा वेळ ते थांबले आणि मग सगळ्यांनी मिळून तो शेवटचा शब्द म्हटला.

नऊही कडवी झाली. नऊही वेळा तो तिथेच अडला आणि नऊही वेळा ते तिथेच थांबले.

गाणं संपल्यावर उपदेशकांनी टोपी घातली आणि जेवणं सुरू झाली. क्रेन होबर्टच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे लाल होते, पण तो धंदा जाणणारा माणूस होता.

"मिस्टर स्लोन, हेच पुन्हा एकदा, खाली, मशीनसमोर. ही सगळी माणसं. मी हवा तेवढा थांबतो."

"आता मले काय इचारतं?" होबर्ट म्हणाला. त्याला बोलायला त्रास होत होता, पण चेहरा आदल्या दिवसापेक्षा मोकळा दिसत होता. "मी देऊन टाकलं. ज्याईनं घेतलं त्याईले इचार."

क्रेनने विचारलं. उपदेशकांना विचारलं, ओपलला विचारलं, ताटं हातात घेतलेल्या चार-पाच जणांना विचारलं. उत्तर एकच आलं. कबरीवर दिलेलं गाणं कबरीवरच म्हणायचं. ते यंत्रासाठी नाही. कोणी रागावलं नाही. एका म्हाताऱ्याने त्याला कोंबडीची तंगडी वाढली.

"अन् नाव?" होबर्टने त्याला जाता जाता विचारलं. "लिहेल हाये न?"

क्रेनने तळहात उघडून दाखवला. शाई फिकट झाली होती, पण वाचता येत होती.

निघताना त्याने भाऊजींकडून मूळ कॅसेट मागून घेतली. टेलिफोनची घंटा काढून टाकता आली तर पाहतो, म्हणाला. मी महिनाअखेरीस अमरावतीला परतलो. होबर्ट फेब्रुवारीत गेला. ओपलने त्याला त्याच्या आईच्या शेजारी ठेवलं. क्रेनची कंपनी पुढे दोन वर्षांत बंद पडली. होबर्टची रेकॉर्ड निघाली नाही. कॅसेट क्रेनने पोस्टाने परत पाठवली की नाही, हे भाऊजींना आता आठवत नाही. आली असावी, म्हणतात. त्यानंतर त्यांनी तीन घरं बदलली.

मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका दुपारी फोनवर कुठलंसं गाणं शोधताना खाली एक चित्रफीत दिसली. केंटकीतल्या तीन तरुण मुली, एकीच्या हातात फिडल, एकीकडे बँजो, मोठा मंच, समोर हजारभर माणसं. गाण्याचं नाव वाचून मी चष्मा लावला. पहिली ओळ आली, दुसरी आली. तिसरीत 'घरी आला'पर्यंत येऊन तिघी थांबल्या. फिडल थांबलं, बँजो थांबला. सगळं सभागृह थांबलं. मग त्यांनी तो शब्द म्हटला आणि लोकांनी कडवं संपायच्या आत टाळ्या वाजवल्या. खाली ऐकणाऱ्यांनी लिहिलं होतं की हा विराम म्हणजे प्रतिभा आहे, तो कोणाला सुचला असेल. सर्वांत वर लिहिलं होतं: पारंपरिक. रचनाकार अज्ञात.

चित्रफीत मी भाऊजींना पाठवली. ते आता पंच्याऐंशीचे आहेत, मुलाकडे, हर्षलकडे असतात. इंदुताई गेल्याला चार वर्षं झाली. भाऊजींचा उलट निरोप आवाजात आला. आधी नुसती खोली ऐकू येते. मग:

"आयकलं, साळेबुवा. तिथीच थांबल्या त्या पोट्ट्या. लोकं टाळ्या वाजवून राह्यले." पुन्हा खोली. "कोनाले सुचलं म्हनतात. सुचलं नाई बाप्पा कोनाले. माह्या कानाले मालूम हाये ते. तिथी त्याचा दम संपे."

मी त्या मुलींना पत्र लिहिलं. हे गाणं लुएला स्लोन या बाईने रचलं आहे, मुलाचं नाव होबर्ट, गाव अमुक, आणि ते त्याने लोकांना दिलं तेव्हा मी तिथे हजर होतो, असं सगळं लिहिलं. आठ दिवसांनी फार आदराने लिहिलेलं उत्तर आलं. त्यांच्यापैकी एकीची आजी हे गाणं दफनभूमीत शिकली होती, कोणाचं ते तिला सांगता आलं नव्हतं. नाव द्यायला त्यांची मुळीच हरकत नाही, उलट आनंदच आहे. पण नवी रेकॉर्ड निघते आहे आणि नुसत्या आठवणीवर नाव छापता येत नाही. जुनं काही रेकॉर्डिंग आहे का?

भाऊजींनी हर्षलला गॅरेजमधली खोकी उघडायला लावली. त्याचा काल निरोप आला. एक कॅसेट सापडली आहे. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. तशी कॅसेट वाजवायचं यंत्र आता त्यांच्या घरात नाही. त्याने ते मागवलं आहे, अजून आलेलं नाही.